छापण्याआधी वाचून दाखवा

गेल्या उन्हाळ्यात एक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय तत्त्वज्ञान. त्यांच्या हातात लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र होतं. सोनेरी किनार, तीन सह्या, कोपऱ्यात गोल शिक्का. मधोमध मुलीचं नाव, आणि आडनावात एक अक्षर चुकलेलं.

"अठराशे रुपये भरले," ते म्हणाले. "आता याचा पुढे उपयोग काय?"

मी लेख बघायला मागितला. मुलीने फोनवर उघडून दिला. शीर्षक होतं 'भगवद्गीतेतील कर्मयोग आणि आधुनिक जीवन'. अंकात त्याच्या आधी गांडूळखतावरचा लेख होता, नंतर जीएसटीवरचा. मुलीच्या लेखातला एक परिच्छेद दोनदा छापला गेला होता. छापणाऱ्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं. म्हणजे तो लेख अजून कोणी वाचलाच नव्हता.

उपयोग काही नव्हता. तसं सांगावं लागलं. मी पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण ते वाक्य बोलताना जीभ जड झाली.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही तत्त्वज्ञान घेऊन पदवी करत असाल, किंवा तुमच्या घरात कोणी करत असेल, तर चार गोष्टी ऐकून घ्या.

पैशाचं आधी सांगते. 'दोन दिवसांत पेपर छापून मिळेल, प्रमाणपत्र मोफत' असा मेसेज आला की थांबा. दोन दिवसांत लेख छापता येतो, तपासता येत नाही. तपासायचा म्हणजे त्या विषयातल्या माणसाने तो वाचायला हवा, शंका काढायला हव्यात, तुम्ही त्या दुरुस्त करायला हव्यात. याला महिने लागतात. घाई करणारा तुमचा लेख वाचणार नसतो. तो फक्त तुमचे पैसे मोजणार असतो.

त्या मेसेजमध्ये आयएसएसएन नंबर असतो. त्याला भुलू नका. तो नियतकालिकाचा ओळख-क्रमांक आहे, एवढंच. गाडीला नंबर प्लेट असते. म्हणून तिचे ब्रेक चांगले आहेत असं कोणी म्हणत नाही. आपल्याकडे हा नंबर नियतकालिकाला फुकट मिळतो. 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणून जो आकडा ठळक छापतात, तो पुष्कळदा त्यांनीच कुठून तरी मिळवून चिकटवलेला असतो.

आणखी एक नाव ऐकाल. 'यूजीसी केअर लिस्टेड.' विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, मान्य नियतकालिकांची ही यादी खरी होती, पण यूजीसीने ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आज त्या नावावर कोणी पैसे मागत असेल तर तो मोडलेल्या दुकानाची पाटी दाखवतो आहे.

पालकांनी विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे. लेख छापला नाही तर मुलीचं काही अडतं का? नाही अडत. एम.ए.चा प्रवेश गुणांवर किंवा प्रवेश परीक्षेवर होतो. नेट-सेटला छापलेला लेख लागत नाही. परदेशात तत्त्वज्ञान शिकायला जायचं असेल तर विद्यापीठं लिखाणाचा नमुना मागतात. तो छापलेला असावा अशी अट नसते, नीट विचार केलेला असावा एवढीच अपेक्षा असते. आणि ऐका, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी तर पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी लेख छापण्याची सक्तीसुद्धा काढून टाकली. एखादं विद्यापीठ स्वतःची वेगळी अट घालू शकतं, ते विचारून घ्या. पण डॉक्टरेटला जे देशभर सक्तीचं राहिलं नाही, त्यासाठी बी.ए.च्या पोरीने घरातले अठराशे रुपये का घालवायचे?

परिसंवादाची नोंदणी फी ही वेगळी गोष्ट. चहा, जेवण, फाइल, राहायची सोय यांचे पैसे लागतात. ते द्यायला हरकत नाही. फक्त विचारा, हे पैसे कशाचे? उत्तर 'जेवणाचे' आलं तर भरा. 'छपाईचे' आलं तर फी घरीच राहू द्या.

आता मुख्य गोष्ट.

तत्त्वज्ञानाचा निबंध हा समोरच्याच्या शंकेवर तावून निघतो. आपल्याकडे जुन्या ग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात. म्हणजे विरोधकाचं म्हणणं. तेही असं मांडतात की वाचणाऱ्याला वाटावं, हेच बरोबर आहे. मग उत्तर. ही रीत काही केवळ पोथीतली नाही. तुमच्या लेखाला पूर्वपक्ष मिळायला हवा, आणि तो स्वतःच्या डोक्यातून पुरेसा मिळत नाही. दुसरा माणूस लागतो. म्हणून छापायच्या आधी वाचून दाखवा. पहिल्यांदा चार माणसांपुढे. वर्गातल्या दोन मैत्रिणी, एक शिक्षक, आणि तत्त्वज्ञान अजिबात न शिकलेलं एक माणूस. हा चौथा माणूस फार कामाचा. 'म्हणजे काय?' असं तोच विचारतो. बाकीचे लाजेपोटी मान डोलावतात.

त्या मुलीला मी तेच करायला लावलं. पण वाचण्याआधी विषय लहान करावा लागला. 'कर्मयोग आणि आधुनिक जीवन' यात सगळं येतं, म्हणून काहीच येत नाही. मी तिला विचारलं, "यातलं तुला नेमकं काय खटकतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फळाची इच्छा सोडून कर्म कर म्हणतात. पण पास व्हायची इच्छाच नसेल तर मी पहाटे चारला उठून अभ्यास कशाला करू?"

हा निबंध. बाकीची आठ पानं गेली तरी चालतील.

तिने पुन्हा लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. आई भाकऱ्या थापत होती. थापता थापता म्हणाली, "मी काय तुमची शाबासकी मिळावी म्हणून भाकऱ्या करते का? पोटं भरावीत म्हणून करते. पण तुम्ही नाही म्हणालात 'छान झाली' तर उद्या करायची थांबत नाही." पोरगी वही घेऊन धावत माझ्याकडे आली. आईने तिला पूर्वपक्ष दिला होता. हेतू वेगळा आणि आसक्ती वेगळी. उठायला हेतू पुरतो, आसक्ती लागत नाही.

मग तिचं उत्तर. ते तिने स्वतः शोधलं. ती म्हणाली, ठीक आहे, दोन्ही वेगळे. पण पहाटे चारला उठणाऱ्याला स्वतःला कसं कळावं की आपल्याला कुठलं उठवतं आहे? ते तर निकाल वाईट लागला की मगच कळतं. म्हणजे उपदेश कर्म करताना पाळायचा, आणि पाळला की नाही ते समजणार कर्म संपल्यावर. या उत्तरालाही उत्तर आहे. अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे, ते तिने नंतर वाचलं आणि दोन ठिकाणी माघार घेतली. पण आता तिच्याकडे तिचं असं काहीतरी होतं. पाच पानांत मावणारं.

पाच पानं म्हणजे कमी वाटतात? १९६३ साली एडमंड गेटिअर नावाच्या अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने तीन पानांचा लेख छापला. ज्ञान म्हणजे आधार असलेली खरी समजूत, असं तोवर बहुतेक धरून चालत. त्याने दोन छोटी उदाहरणं दिली आणि दाखवलं की समजूत खरी असेल, तिला आधारही असेल, तरी ते ज्ञान नसू शकतं. नुसता योगायोग असू शकतो. साठ वर्षं होऊन गेली, त्या तीन पानांवर अजून वाद चालू आहे. तुमच्याकडून कोणी गेटिअरची अपेक्षा करत नाही. पण पानं वाढवून विचार वाढत नाही, एवढं त्यावरून घ्या.

लिहायचं कुठल्या भाषेत? ज्या भाषेत भांडता येतं त्या भाषेत. बहुतेकांची ती मराठी असते. शब्द अडतात, खरं आहे. त्यासाठी दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश आहे, १९७४ चा, तीन खंडांचा. तुमच्या ग्रंथालयात तो बहुधा वरच्या फळीवर धूळ खात असेल. शिपाईदादांना सांगून खाली काढून घ्या. एकदा ठरवलेला शब्द शेवटपर्यंत तोच ठेवा. पहिल्या पानावर 'विवेक', तिसऱ्यावर 'बुद्धी' आणि पाचव्यावर 'तर्क' असं एकाच गोष्टीला म्हणाल, तर ऐकणाऱ्याला त्या तीन गोष्टी वाटतील.

आता वाचनाचं. तुम्हाला दहा मिनिटं दिली असतील तर हजार शब्दांच्या वर नेऊ नका. घरी घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं, तो हिशेब धरू नका.

आणि परिसंवाद कसे चालतात तेही आधी सांगून ठेवते, म्हणजे तिथे रडू येणार नाही. उद्घाटन अकराला असतं, ते साडेबाराला संपतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रत्येक पाहुण्याला शाल. मग जेवण. दुपारच्या सत्रात पंधरा जणं वाचायची असतात आणि अध्यक्षांना साडेचारची एसटी गाठायची असते. तुमची दहा मिनिटं चार होतात. प्रमाणपत्रं वाटली की निम्मा हॉल रिकामा.

म्हणून तीन मिनिटांची एक प्रत वेगळी तयार ठेवा. त्यात तीनच गोष्टी. माझा प्रश्न हा. समोरचा असं म्हणेल. माझं उत्तर हे. मोठा लेख भराभर वाचून संपवायला जाऊ नका, कोणाला काही कळत नाही. तो बाजूला ठेवा आणि ही लहान प्रत शांतपणे वाचा. पंधरा जणांत तुमचंच लक्षात राहील.

स्लाइडवर अख्खे परिच्छेद टाकू नका. त्यापेक्षा अर्ध्या पानाचा कागद वाटा. वर प्रश्न, खाली युक्तिवादाच्या चार पायऱ्या, ओळीने. झेरॉक्सला पन्नास रुपये गेले तर ते सत्कारणी लागले समजा. ऐकणारा बोट ठेवून सांगू शकतो, "तुमची तिसरी पायरी पटत नाही." असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. त्याने तुमचा लेख खरोखर ऐकला आहे. प्रश्न लिहून घ्या. उत्तर येत असेल तर द्या, येत नसेल तर "यावर मला विचार करावा लागेल" म्हणा. तत्त्वज्ञानाच्या सभेत हे उत्तर कमीपणाचं नाही. कमीपणाचं असतं ते उगाच मोठी नावं फेकून वेळ मारून नेणं.

कुठे वाचायचं, कुठे पाठवायचं? जवळून सुरू करा. विभागाचं भित्तिपत्रक, मग महाविद्यालयाचा वार्षिकांक. वार्षिकांकाला हसू नका. तो तुमच्या गावात दहा तरी माणसं वाचतात, त्या सोनेरी प्रमाणपत्रवाल्या अंकापेक्षा दहा जास्त.

विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा आहे. त्यात पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो आणि मानव्यविद्या, भाषा व ललितकला असा विभाग असतो. तिथे पोस्टर लावावं लागतं. विज्ञानाच्या मुलांकडे आलेख असतात, फोटो असतात. आपल्याकडे नुसती वाक्यं. पण युक्तिवाद काढून दाखवता येतो. मधे प्रश्न, डावीकडे पूर्वपक्ष, उजवीकडे उत्तर, आणि अजून न सुटलेली शंका खाली वेगळ्या रंगात. परीक्षक आधी त्या खालच्या चौकटीकडे वळतात. मी पाहिलं आहे.

महाराष्ट्र तत्त्वज्ञान परिषदेची अधिवेशनं वेगवेगळ्या गावी भरतात. पहिल्या वर्षी नुसते ऐकायला जा. मागच्या ओळीत बसा, कोण कसं विचारतं ते बघा. जमलं तर कधी अमळनेरला जाऊन या. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. साने गुरुजी शिक्षक होण्याआधी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले होते. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावातून इंग्रजी तत्त्वज्ञान-त्रैमासिक निघत होतं आणि जाणकार ते वाचत होते. आपण आडगावचे, आपलं कोण ऐकणार, असं वाटलं की हे आठवा.

लेख पक्का झाला, दोन-तीनदा वाचून झाला, मग मोठ्या ठिकाणाचा विचार करा. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं 'परामर्श', वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत', दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून सुरू केलेला 'आजचा सुधारक'. यांचे जुने अंक आधी वाचा. तिथे लिहिणारी माणसं मुरलेली आहेत. तुमचा लेख परत येण्याचीच शक्यता जास्त. येऊ द्या. इंग्रजीवर हात बसला असेल तर अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठातून 'स्टान्स' नावाचं नियतकालिक निघतं. ते खास पदवीच्या विद्यार्थ्यांच्या तत्त्वज्ञान-लेखांसाठी आहे, आणि संपादनही विद्यार्थीच करतात. लेख लहानच मागतात, दीड ते साडेतीन हजार शब्दांचा.

पाठवताना एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. उत्तर येईपर्यंत दुसरीकडे नको. लेख कोणाचा हे न कळता तपासायची रीत असेल तर आतल्या पानांवरून नाव काढा. 'आमच्या महाविद्यालयात' असंही लिहू नका, त्यावरूनही कळतं.

दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव द्या. हे तुम्हाला माहीत आहे. आजकाल यंत्राकडून लिहून घेण्याची सोय झाली आहे. मी रागावत नाही, पण एक विचारते. वाचून झाल्यावर मागच्या ओळीतून कोणी म्हणालं, "तिसरी पायरी पटत नाही," तर उभं तुम्हालाच राहायचं आहे ना?

आता नाजूक मुद्दा. काही ठिकाणी शिक्षक म्हणतात, लेखावर माझंही नाव टाक, पहिलं. त्यांच्या बढतीच्या फॉर्मात छापलेल्या लेखांचा रकाना असतो, म्हणून. माणसं वाईट नसतात, रकाना वाईट असतो. तरीही ज्याने लिहिलं त्याचंच नाव लेखावर असावं. मार्गदर्शनाचे आभार शेवटी मनापासून माना, दोन ओळी जास्त लिहा. सरांना समोरून नाही म्हणणं जड जातं हे मला कळतं. एकटीने जाऊ नका. विभागातल्या दुसऱ्या एखाद्या मॅडमना आधी सांगा आणि त्यांना बरोबर घेऊन बोला.

आणि लेख परत आला तर? आधी दोन दिवस काही करू नका. मग सोबतच्या सूचना वाचा. सूचना नसतील तर सोडून द्या. असतील तर त्या फुकट मिळालेल्या शिकवणीसारख्या आहेत. पालकांनी त्या दोन दिवसांत एवढंच करायचं, 'शेजारच्या मुलाचा छापून आला' हे वाक्य घरात काढायचं नाही.

त्या मुलीचा लेख अजून कुठे छापलेला नाही. तिने तो तीनदा वाचला आहे. विभागात, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका परिसंवादात, आणि एकदा गावातल्या वाचनालयात. वाचनालयात सतरा माणसं होती. एक निवृत्त कंडक्टर शेवटी म्हणाले, "तीस वर्षं तिकिटं फाडली. पगार नसता तर फाडली नसती. पण प्रत्येक तिकिटाला पगार आठवत नव्हता." ते वाक्य तिने त्यांना विचारून, त्यांच्या नावासह लेखात घातलं. वडीलही होते, दाराशी उभे. आता ते प्रमाणपत्र कुठे आहे ते मी विचारलं नाही.

तुमचा निबंध वहीत पडून असेल तर या आठवड्यात एवढं करा. विभागप्रमुखांकडून एक रिकामी खोली मागून घ्या. दुपारी तीनची वेळ बरी, तास संपलेले असतात. दारावर एक कागद लावा. नाव, विषय, वेळ. खाली लिहा, 'शंका घेऊन या'. चहाचं सांगून ठेवा. माणसं येतात.